जिवंत मेंदूचे रसायन

शरीरातील बहुतेक अवयव आपला जमाखर्च कोठे ना कोठे बाहेर मांडून ठेवीत असतात. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते मूत्रावरून कळते, यकृताचे रक्तावरून, फुप्फुसाचे श्वासावरून. मेंदूचे तसे नाही. तो कवटीच्या पेटीत बंद असतो, आणि त्याच्या व रक्ताच्या मध्ये निसर्गाने अशी एक बारीक गाळणी बसविली आहे की आत काय शिजते आहे याचा वास बाहेर फारसा येत नाही. पाठीच्या कण्यातील पाणी काढून तपासता येते हे खरे. पण वाड्यात काय चालले आहे ते मोरीच्या पाण्यावरून ठरविण्यासारखेच ते आहे. थोडेफार कळते, पुष्कळसे निसटते.

यामुळे मेंदूच्या रसायनाचा इतिहास हा फार काळपर्यंत मेलेल्या मेंदूचाच इतिहास होता. जिवंत माणसाच्या मेंदूतील रसायन, कवटीला टाचणीदेखील न लावता पाहता येऊ लागले ते १९८० नंतर. हे कसे घडले, आणि जन्मताच गुदमरलेल्या अर्भकांच्या बाबतीत त्यामुळे डॉक्टरांना कोणती अनपेक्षित गोष्ट दिसली, हे श्रोत्यांपुढे मांडावे असा आमचा विचार आहे.

आरंभ करावयाचा तो एका हेकट जर्मन गृहस्थापासून. योहान लुडविग विल्हेल्म थुडिकम यांचा जन्म १८२९ सालचा, गाव ब्यूडिंगेन. गीसेन येथे लीबिग या थोर रसायनशास्त्रज्ञापाशी ते शिकले आणि १८५३ मध्ये लंडनला येऊन कायमचे राहिले. पोटासाठी वैद्यकी करावयाची आणि जीव मात्र रसायनात गुंतलेला, असा त्यांचा जन्मभराचा क्रम होता. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यखात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन सायमन हे जाणते गृहस्थ होते. रोगांच्या मुळाशी रासायनिक बिघाड असावा असे त्यांना वाटे, आणि त्यांनी थुडिकम यांच्या संशोधनाला सरकारी पैशाचे पाठबळ मिळवून दिले. मग थुडिकम यांनी मेंदूंचा जो खुर्दा आरंभिला तो वर्षानुवर्षे चालू ठेवला. बैलांचे शेकडो मेंदू त्यांनी चिरले, चाळणीतून दाबून काढले, मद्यार्कात उकळले, गाळले, निवविले, आणि जे जे खाली बसले ते ते वेगळे करून तोलले. १८८४ मध्ये त्यांचा मेंदूच्या रासायनिक घटनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज ज्यांना आपण सेफॅलिन, स्फिंगोमायेलिन, सेरेब्रोसाइड म्हणतो ते मेंदूतील स्निग्ध पदार्थ या एका माणसाने वेगळे काढले होते. त्यांतील एकाने त्यांना इतकी कोडी घातली की त्याला त्यांनी नावच स्फिंक्सवरून दिले. वाटसरूंना कोडे घालणारी ग्रीक पुराणातील ती राक्षसी अशा रीतीने रसायनाच्या कोशात जाऊन बसली.

त्या काळी विद्वानांचे मत वेगळे होते. ऑस्कर लीब्राइख यांनी १८६५ मध्ये असे प्रतिपादन केले होते की मेंदूत 'प्रोटॅगॉन' नावाचा एकच थोर पदार्थ आहे आणि बाकीचे सारे त्याचे तुकडे होत. थुडिकम म्हणाले की प्रोटॅगॉन हे मिश्रण आहे, भेसळ आहे. यावर इंग्लंडात आर्थर गॅम्जी आणि जर्मनीत मोठमोठे प्राध्यापक त्यांच्यावर तुटून पडले. थुडिकम यांची जीभही काही मऊ नव्हती. हा वाद पंचवीस-तीस वर्षे चालला. १९०१ मध्ये थुडिकम वारले तेव्हा ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते, आणि ते गेल्यानंतर काही वर्षांनी प्रोटॅगॉन हे मिश्रणच आहे असे सर्वांना कबूल करावे लागले. याच गृहस्थांनी द्राक्षमद्यावर एक आणि पाककलेवर एक असे दोन भक्कम ग्रंथ लिहिले होते. मेंदू मद्यार्कात शिजवून झाल्यावर संध्याकाळी माणसाला दुसरे काही शिजवावेसे वाटले तर त्यात नवल नाही.

थुडिकम यांची मनीषा मात्र पदार्थांची यादी करण्यापुरती नव्हती. वेडाचे कित्येक प्रकार हे शरीरातच तयार होणाऱ्या विषांचे मेंदूवरील परिणाम असावेत, आणि निरोगी मेंदूचे रसायन नीट कळल्यावाचून रोगी मेंदूचे कळणार नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. परंतु त्यांच्या भांड्यात जो मेंदू येई तो खाटकाकडून येई. घराच्या भिंती, तुळया, कौले यांची मोजदाद त्यांनी अचूक केली. चुलीवर काय होते ते कळण्यापूर्वीच चूल विझलेली असे.

ही चूल किती लवकर विझते ते समजण्यासाठी थोडा हिशेब पाहिला पाहिजे. मेंदूच्या पेशीजवळ एटीपी नावाचा जो पदार्थ असतो ती तिच्या हातातली रोकड. दर क्षणाचा खर्च त्यातून. फॉस्फोक्रिएटिन ही फडताळात गाठ मारून ठेवलेली पुरचुंडी. रोकड कमी पडली की तीतून भरपाई होते. आणि खर्च झाल्यावर जो सुटा फॉस्फेट उरतो ती हातातली मोड. या तिन्ही पदार्थांत फॉस्फरस आहे, जुन्या मराठी पुस्तकांतला 'स्फुरद'. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की पुरचुंडी एखाद्या मिनिटात रिकामी होते आणि पाठोपाठ काही मिनिटांत रोकडही संपते. अमेरिकेत सेंट लुईस येथे ऑलिव्हर लाउरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये उंदरांच्या मेंदूवर हे मोजून दाखविले. त्यासाठी त्यांना उंदरांची डोकी ठरावीक सेकंदांनी गोठवावी लागली. प्रत्येक उंदीर एका क्षणाची बातमी देई आणि मरे. एकाच मेंदूत आधी काय होते व नंतर काय झाले, हे त्या पद्धतीने कळणे शक्य नव्हते. हा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व कथा या 'आधी' आणि 'नंतर' या दोन शब्दांवर फिरणार आहे.

आता थोडा वेळ डॉक्टर मंडळींना सोडून पदार्थविज्ञानवाल्यांकडे जाऊ. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा रडारच्या कामात मुरलेले पुष्कळ तरुण शास्त्रज्ञ आपापल्या विद्यापीठांत परतत होते. त्यांतील एडवर्ड पर्सेल यांनी टोरी व पाउंड यांच्यासह १९४५ च्या डिसेंबरात मेणाच्या गोळ्यावर, आणि फेलिक्स ब्लॉख यांनी हॅन्सन व पॅकार्ड यांच्यासह काही आठवड्यांनी स्टॅनफर्ड येथे पाण्यावर एकच प्रयोग केला. दोघांना एकमेकांच्या कामाची वार्ता नव्हती. हायड्रोजनच्या अणूचा गर्भ हा एक चिमुकला चुंबक असतो आणि तो भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत असतो. जोरदार चुंबकाच्या पोटात तो ठेवला की कलंडलेल्या भोवऱ्याप्रमाणे त्याची मान डोलू लागते. एक टेस्ला एवढ्या क्षेत्रात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे वीस हजार पट क्षेत्रात, हे डोलणे सेकंदाला ४ कोटी २६ लाख वेळा होते. तेवढ्याच गतीच्या रेडिओलहरी बाहेरून सोडल्या की गर्भ त्या शोषून घेतो आणि लहरी थांबविल्यावर त्याच सुरात थोडा वेळ उत्तर देत राहतो. एका तंबोऱ्याची तार छेडली असता शेजारच्या तंबोऱ्याची जुळलेली तार आपोआप बोलते, तसाच हा प्रकार. यालाच चुंबकीय अनुनाद म्हणतात. ब्लॉख आणि पर्सेल यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक यासाठीच मिळाले.

या मंडळींना अणुगर्भाचे चुंबकत्व अचूक मोजावयाचे होते. त्यापलीकडे त्यांचे लक्ष नव्हते. परंतु १९५० मध्ये स्टॅनफर्डलाच प्रॉक्टर व यू यांना अमोनियम नायट्रेटमधील नत्राचा सूर मोजताना एकाऐवजी दोन सूर ऐकू आले. नत्र एकच, पण अमोनियममधला वेगळा बोलतो आणि नायट्रेटमधला वेगळा. कारण असे की अणुगर्भाभोवती विद्युत्कणांची जी शाल असते ती बाहेरच्या चुंबकत्वाला किंचित अडविते, आणि शेजारी कोण बसला आहे यावर शालीची जाडी ठरते. सुरातील हा फरक दहा लाखांत काही अंश एवढाच. पदार्थविज्ञानवाल्यांना ती कटकट वाटली. रसायनवाल्यांच्या हाती मात्र कुबेराची किल्ली लागली.

१९५१ मध्ये आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या मद्यार्काची अशी नोंद घेतली. कागदावर तीन उंचवटे उमटले, आणि त्यांचे आकार एकास दोनास तीन या प्रमाणात निघाले. मद्यार्काच्या रेणूत तीन ठिकाणी हायड्रोजन असतो आणि त्यांची संख्या नेमकी एक, दोन, तीन अशीच असते. रेणू न फोडता त्याची घडण वाचता येते, हे जगाला पटवून देणारी ही नोंद होती. तीन नावांतील मधले नाव आपल्याला परके नाही. डॉ. एस. एस. धर्मट्टी हे पुढे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९५० च्या दशकात त्यांनीच तेथे या शास्त्राचा पाया घातला. या विद्येचा इतिहास सांगताना मुंबईचा उल्लेख ओढूनताणून करावा लागत नाही, तो असा सुरुवातीच्या पानांवरच येतो.

पुढची वीस वर्षे हे यंत्र रसायनशाळेतील बोटभर रुंदीच्या काचनळ्यांतच रमले. जिवंत मांसाकडे ते वळले ते १९७० नंतर. १९७३ मध्ये मून व रिचर्ड्स यांनी रक्तपेशींत फॉस्फरसचा सूर ऐकला आणि त्यांच्या लक्षात आले की सुट्या फॉस्फेटचा सूर पेशीतील आम्लतेप्रमाणे सरकतो. म्हणजे पेशी न फोडता तिच्या आतील आंबटपणा मोजता येतो. १९७४ मध्ये ऑक्सफर्डला याहून धीट प्रयोग झाला. तेथे रेक्स रिचर्ड्स यांचे यंत्र होते आणि जॉर्ज राडा नावाचे तरुण जीवरसायनशास्त्रज्ञ होते. १९५६ चा हंगेरीतील उठाव चिरडला गेला तेव्हा देश सोडून आलेल्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. या मंडळींनी उंदराच्या पायाचा ताजा स्नायू काढून सरळ नळीत घातला. स्नायू काढलेला असला तरी त्यातील पेशी अजून जित्या होत्या. कागदावर एटीपीचे तीन उंचवटे, फॉस्फोक्रिएटिनचा एक, सुट्या फॉस्फेटचा एक, असे सारे कुटुंब ओळीने उभे राहिले. आणि जसजसा वेळ गेला तसतसा पुरचुंडीचा उंचवटा बसत गेला, मोडीचा वाढत गेला. लाउरींना ज्यासाठी उंदरांमागून उंदीर मारावे लागले होते तो हिशेब एकाच मांसखंडात घडताना डोळ्यांनी दिसला.

यानंतर १९८० मध्ये त्याच गटाने तारेचे एक लहान वेटोळे प्राण्याच्या अंगावर नुसते टेकवून त्याखालील भागाचाच सूर ऐकण्याची युक्ती काढली. जिवंत उंदराच्या कवटीवर हे वेटोळे ठेवले की खालचा मेंदू बोलू लागे. माणसाची पाळी आता आली होती. परंतु अडचण होती ती चुंबकाच्या पोकळीची. त्या काळच्या चुंबकांत मोठ्या माणसाचा हात किंवा पाय जाई, डोके आणि खांदे जात नसत. १९८१ मध्ये ऑक्सफर्डला एका स्नायुरोग्याच्या बाहूची तपासणी झाली ती याचमुळे.

त्या पोकळीत अख्खे मावेल असे माणूस एकच, ते म्हणजे नवजात अर्भक. आणि नेमकी हीच गरज असलेले डॉक्टर लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात होते. ऑस्मंड रेनॉल्ड्स हे तेथील नवजात बालकांचे वैद्य. अपुऱ्या दिवसांच्या व गुदमरलेल्या बालकांना जगविण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. बालके जगू लागली, पण पुढे त्यांतील काही लुळी, काही मतिमंद निघत, आणि का, ते कळत नसे. स्नायूंच्या ऊर्जेचा अभ्यास केलेले शरीरशास्त्रज्ञ डग्लस विल्की आणि यंत्रविद्येतील डेव्हिड डेल्पी यांची त्यांना जोड मिळाली. आजारी अर्भकाला दक्षता विभागातून चुंबकापर्यंत नेणे हे काही लहान काम नव्हे. जवळ लोखंडाची टाचणी चालत नाही. श्वास देणारे यंत्र दूर ठेवावे लागते. बालकाला ऊब हवी, रक्तदाबावर नजर हवी. बिनलोखंडी पेटीत बालकाला गुंडाळून, डोक्याशी वेटोळे लावून त्यांनी हे केले आणि १९८३ मध्ये पहिली हकिकत 'लॅन्सेट'मध्ये छापली. जिवंत माणसाच्या मेंदूतील पुरचुंडी आणि मोड, शस्त्र न लावता, प्रथमच मोजली गेली.

खरा धक्का १९८४ च्या लेखात होता. जन्मताना गुदमरलेल्या बालकांची निरोगी बालकांशी तुलना करावी एवढाच मूळ बेत. प्राणवायूवाचून गेलेल्या मिनिटांत मेंदूची ऊर्जा संपली असणार, आणि पहिल्या दिवशी नोंद घेतली की ती खालावलेलीच दिसणार, अशीच कोणाचीही अपेक्षा असती. पहिल्या दिवशीच्या नोंदी पुष्कळदा निर्दोष निघाल्या. पुरचुंडी भरलेली, रोकड जागेवर, मोड बेताची. बालक मात्र निपचित, झटके येणारे. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, रक्तदाब ठीक, साखर ठीक, प्राणवायू भरपूर असताना, फॉस्फोक्रिएटिन उतरू लागे. ज्यांच्यात ते फार उतरे त्यांच्यात शेवटी एटीपीही ढासळे. ती बालके दगावत किंवा गंभीर अपंगत्व घेऊन जगत.

याचा अर्थ काय, हे आम्ही सावकाश सांगतो, कारण सगळ्या विषयाचे मर्म येथे आहे. गुदमरण्याच्या वेळी मेंदूची ऊर्जा एकदा संपते. डॉक्टर बालकाला श्वास देतात, हृदय चालू होते, ऊर्जा परत भरते. जणू आग विझली. पण तुळईच्या पोटात निखारा राहिलेला असतो, आणि काही तासांनी तीच तुळई आतून जळू लागते. पेशी गुदमरून तत्काळ मरत नाहीत, त्यांच्यातील अंतर्गत यंत्रणा नंतर एक एक करून बंद पडते. या दोन घटनांच्या मध्ये काही तासांची उसंत असते. मेलेल्या मेंदूचे कितीही पृथक्करण केले तरी ही उसंत त्यात सापडली नसती, कारण शवात शेवट तेवढा दिसतो. आणि जेथे उसंत आहे तेथे उपायाला जागा आहे. रेनॉल्ड्स यांच्या पिढीपर्यंत, गुदमरलेल्या बालकाच्या मेंदूचे जे व्हायचे ते जन्माच्या वेळीच होऊन चुकले, अशी समजूत होती, आणि डॉक्टर हात चोळीत बसत. त्या समजुतीला कागदावरील चार-पाच उंचवट्यांनी छेद दिला.

उपाय सापडला तो थंडाव्याचा. लंडनच्या त्याच गटाने १९९४ मध्ये डुकराच्या नवजात पिलांत ही दुसरी पडझड हुबेहूब घडवून दाखविली. पुढच्याच वर्षी मारियान थोरेसन व सहकारी यांनी दाखविले की गुदमरल्यानंतर पिलाचे शरीर थोडे थंड ठेवले तर दुसरी पडझड पुष्कळ सौम्य होते. न्यूझीलंडात ऑकलंड येथे मेंढीच्या गर्भावर असेच दिसून आले. मग माणसाच्या बालकांवर रीतसर चाचण्या झाल्या. २००५ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे आणि २००९ मध्ये ब्रिटनमधील आणखी एकीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू करून बालकाचे तापमान सुमारे साडेतेहतीस अंशांवर ७२ तास ठेवावयाचे. श्रीमंत देशांत यामुळे मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही कमी झाली आणि हा तेथील रूढ उपचार बनला. सहा तासांची मर्यादा प्राण्यांवरील अभ्यासातून आली, आणि तिच्या मागे १९८४ ची ती उसंत उभी आहे.

मध्यंतरी यंत्रांची रुंदी वाढली आणि मोठी माणसेही आत जाऊ लागली. याच सुमारास रुग्णालयांनी नावातील 'अणुगर्भीय' हा शब्द गुपचूप गाळला. अणुबॉम्बच्या धास्तीने लोक यंत्रात शिरेनात. वास्तविक यात किरणोत्सर्गाचा लवलेश नाही. मात्र रुग्णालयांतील यंत्रे शरीराची चित्रे काढण्यासाठी हायड्रोजनच्या सुरावर लावलेली असतात. त्यामुळे फॉस्फरस मागे पडून हायड्रोजनच ऐकण्याकडे कल वळला. त्याचा सूर मोठा असतो, पण एक पंचाईत आहे. मेंदूत पाणी भरपूर, आणि पाण्यातही हायड्रोजन. पाण्याचा आवाज इतर पदार्थांच्या हजारो पट. जत्रेतल्या ढोलताशांत कोणी कानात कुजबुजावे तसे ते. पाण्याचा सूर आधी दाबून टाकण्याच्या युक्त्या निघाल्या तेव्हा कुजबुज ऐकू येऊ लागली.

त्यात सर्वांत उंच स्वर निघाला तो एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट या पदार्थाचा. टॅलन, मूर आणि स्टाइन यांनी १९५६ मध्येच तो मांजराच्या मेंदूत शोधला होता. तो प्रामुख्याने मज्जापेशींत असतो आणि त्या मेल्या की कमी होतो. त्याचे नेमके कार्य काय यावर अजून शास्त्रज्ञांचे एकमत नाही. तरी मज्जापेशींची हजेरी घेणारा म्हणून त्याचा उपयोग होतो. शेजारी क्रिएटिन, कोलीन, आणि ऊर्जेचा तुटवडा पडला की वर येणारे दुग्धाम्ल.

या वाचनाची एक हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. जर्मनीत गॉटिंगेन येथे एक लहान मुलगा होता. वाढ खुंटलेली, हातपाय विचित्र हलणारे. निदान होईना. त्याच्या मेंदूची अशी नोंद घेतली तेव्हा एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट जागेवर, कोलीन जागेवर, आणि क्रिएटिनच्या जागी सपाट रेघ. असे कोणी कधी पाहिले नव्हते. शरीरात क्रिएटिन बनविणाऱ्या एका विकराचा जन्मजात अभाव हे कारण ठरले. मुलाला क्रिएटिन तोंडाने देण्यास आरंभ केला, आणि महिन्यांमागून महिने तो उंचवटा हळूहळू उगवत गेला. मुलाची स्थितीही सुधारली. १९९४ मध्ये ही हकिकत प्रसिद्ध झाली. एका रोगाचा शोध त्याच्या अनुपस्थित रेषेवरून लागला, असे उदाहरण वैद्यकात विरळा.

आपल्या देशातही या विद्येने कामाची कामगिरी केली. मेंदूतील क्षयाची गाठ आणि कर्करोगाची गाठ साध्या चित्रात कित्येकदा सारखी दिसते, आणि दोहोंचे उपचार मात्र अगदी भिन्न. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत १९९० च्या दशकात डॉ. राकेश गुप्ता व सहकारी यांनी दाखविले की क्षयगाठीत स्निग्ध द्रव्यांचा सूर ठळक असतो. क्षयाचे ओझे वाहणाऱ्या देशाला हे ज्ञान नुसते शोभेचे नाही. परदेशात २०१२ मध्ये मेंदूच्या एका जातीच्या अर्बुदातील विशिष्ट आम्लही असेच कवटीबाहेरून ओळखले गेले.

येथे थोडे सावध बोलले पाहिजे. मनाच्या विकारांची किल्ली या यंत्रात आहे असे बोलणारे पुष्कळ झाले. लोकांच्या तोंडी असलेली डोपामीन, सेरोटोनिन ही द्रव्ये मेंदूत इतकी अल्प असतात की हे यंत्र त्यांना ऐकूच शकत नाही. शिवाय ते ऐकते ते सुपारीएवढ्या तुकड्याची सरासरी. त्यात लक्षावधी पेशींचा गलका एकत्र असतो. थुडिकम यांचे वेडाच्या विषाचे स्वप्न यातून उलगडले, असे म्हणणे धाडसाचे होईल.

गुदमरलेल्या बालकांच्या बाबतीत मात्र या यंत्राचा शब्द वजनदार राहिला. ब्रिटन व अमेरिका येथील आठ दक्षता विभागांतील बालकांची जन्मानंतर चार ते चौदा दिवसांत तपासणी करून २०१९ मध्ये असे दाखविण्यात आले की मेंदूच्या गाभ्यातील, थॅलॅमस या भागातील, एन-ॲसिटिल ॲस्पार्टेटचे प्रमाण पाहून दोन वर्षांनंतरचे भवितव्य फार विश्वासाने सांगता येते. आईबापांपुढे बसून काय बोलावे हे ज्या डॉक्टरला ठरवावे लागते त्याला याचे मोल विचारावे.

आणि आता आमच्या देशाची गोष्ट. गुदमरणारी बालके श्रीमंत देशांत थोडी, आपल्याकडे पुष्कळ. तेव्हा थंडाव्याचा उपाय येथे किती लागू पडतो हे पाहण्यासाठी भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात मोठ्या रुग्णालयांत २०१५ ते २०१९ या काळात 'हेलिक्स' नावाची चाचणी झाली. मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांत होते. ४०८ बालके. निम्म्यांना ७२ तास थंड ठेवले, निम्म्यांना नेहमीप्रमाणे सांभाळले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा या विषयातील पुष्कळांना धक्का बसला. मृत्यू किंवा अपंगत्व यांच्या एकूण प्रमाणात काहीच फरक नव्हता, आणि नुसते मृत्यू पाहिले तर थंड ठेवलेल्यांत शंभरात ४२ आणि दुसऱ्यांत ३१. ज्या उपायाने लंडनमध्ये जीव वाचले त्याच उपायाखाली येथे अधिक बालके दगावली.

असे का, याची चर्चा चालू आहे. कोणी येथील अतिदक्षता सेवेच्या अपुरेपणाकडे बोट दाखवितात, कोणी जंतुसंसर्गाकडे. आम्हांस अधिक विचार करावासा वाटतो तो तिसऱ्या तर्काचा. लंडनच्या बालकांत घात बहुधा प्रसूतीच्या वेळी, एकाएकी झालेला असे. आपल्याकडे अशक्त माता, लांबलेल्या वेणा, एका दवाखान्यातून दुसऱ्यात झालेली पाठवणी. येथे बालकाचा मेंदू जन्मापूर्वीच कित्येक तास थोडा थोडा उपाशी राहिलेला असू शकतो. तसे असेल तर सहा तासांचे घड्याळ जन्मापासून लावणे चुकीचे. निखारा पेटून तुळई जळण्यास आधीच सुरुवात झालेली असणार, आणि बालक जगात येईल तेव्हा ती उसंत सरून गेलेली असणार.

हे ठरवावयाचे तर पहिल्या दिवशी, पहिल्या तासांत, पुरचुंडी किती भरलेली आहे ते पाहिले पाहिजे. रेनॉल्ड्स यांनी लंडनला ते पाहिले, कारण त्यांनी आजारी अर्भक पेटीत घालून चुंबकापर्यंत नेण्याचा खटाटोप केला. आज बहुतेक ठिकाणी बालकाची तपासणी होते ती काही दिवसांनी, ते स्थिर झाल्यावर. तोपर्यंत जे व्हायचे ते झालेले असते. जिल्ह्याच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता निळे पडलेले बालक जन्मते तेव्हा चुंबक असतो शहरात, दुसऱ्याच इमारतीच्या तळमजल्यावर, कुलूपबंद.